घाटघर–नाणेघाट–जीवधन–घाटघर: शरदातल्या गोल फेरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही फेरी नेमकी कुठून कुठे जाते?

जुन्नर तालुक्यातल्या घाटघर गावातून निघायचं, डांबरी रस्त्याने पश्चिमेला नाणेघाटाच्या माथ्यावर जायचं, तिथून मागे वळून जीवधन किल्ल्याच्या उत्तरेकडच्या कड्याखाली यायचं, वानरलिंगी सुळक्याच्या पायथ्यापासून कल्याण दरवाज्याने गड चढायचा, माथा ओलांडायचा आणि जुन्नर दरवाज्याने उतरून पुन्हा घाटघर गाठायचं. चाल साधारण दहा-अकरा किलोमीटरची. जीवधनची उंची ३७५४ फूट, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे ११४५ मीटर. पायथाच बराच उंचावर असल्यामुळे प्रत्यक्ष चढ तीनशे-साडेतीनशे मीटरच भरतो. आकडे वाचून फेरी किरकोळ वाटते. ती किरकोळ नाही, कारण तिची अवघड जागा वीसेक फुटांचीच आहे आणि दिवसाचं सगळं वेळापत्रक त्या वीस फुटांभोवती बसवावं लागतं.

नकाशावर 'घाटघर' टाकलं की भंडारदरा का दाखवतो?

कारण ते दुसरं घाटघर. अकोले तालुक्यात, भंडारदरा जलाशयाच्या पलीकडे, जलविद्युत प्रकल्पासाठी ओळखलं जातं ते. आपलं घाटघर पुणे जिल्ह्यात जुन्नरच्या पश्चिमेला आहे. शोधताना 'नाणेघाट' किंवा 'जीवधन' टाका आणि वाटेत चावंड किल्ला लागतो ना, एवढं पाहून घ्या. दोन वेगवेगळ्या गाड्यांनी येणाऱ्या गटांनी हे आदल्या रात्रीच एकमेकांना सांगावं. दोन्ही घाटघरं घाटमाथ्यावर, दोन्हींजवळ कोकणात कोसळणारे कडे, त्यामुळे पोचेपर्यंत चूक लक्षातही येत नाही.

शरदातच का? पावसाळ्यात तर नाणेघाट जास्त सुंदर दिसतो.

दिसतो, आणि म्हणूनच पावसाळ्यात नाणेघाटापर्यंत जाऊन परत यावं. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या नानाच्या अंगठ्यावरून, म्हणजे तिथल्या कड्यावरून, वाऱ्याने उलटं उडणारं पाणी पाहायचं तर जुलै-ऑगस्ट. पण जीवधनच्या कातळातल्या पायऱ्यांवर तेव्हा पाणी वाहत असतं आणि शेवाळ इतकं असतं की चांगला बूटसुद्धा टिकाव धरत नाही. उन्हाळ्यात कातळ तापतो, टाक्यांतलं पाणी हिरवं होतं आणि सावली नावालाही उरत नाही.

मधला काळ दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा. त्यातही दोन भाग पडतात. पहिल्या भागात, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, गवत हिरवं, फुलं भरात, ओढ्यांना पाणी. पण सावलीतल्या पायऱ्या अजून ओल्या आणि दुपारी परतीच्या पावसाचा धोका. दुसऱ्या भागात हवा स्वच्छ, कातळ कोरडा. पण गवत वाळून पिवळं, वाटेवर मुरमाचा घसारा आणि मोज्यांत कुसळं. पहिल्यांदाच जाणाऱ्याने दुसरा भाग निवडावा. फुलांसाठी जाणाऱ्याने पहिला, पण सलग तीन-चार दिवस उघडीप झाल्यावरच.

गडाला कोणत्या दिशेने वळसा घालायचा?

आधी नाणेघाट, मग गड. म्हणजे जीवधन डाव्या हाताला ठेवून. देवळाच्या हिशेबाने ही उलटी प्रदक्षिणा झाली, पण त्याला तीन कारणं आहेत.

एक, कल्याण दरवाज्याखालचा कातळटप्पा चढायला जितका सोपा, त्याच्या दुप्पट उतरायला अवघड. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय आंधळेपणाने शोधतो. दोन, ऊन. कल्याण दरवाज्याची बाजू पश्चिमेची, सकाळी सावलीत. जुन्नर दरवाज्याची वाट पूर्वेला, दुपार कलली की तीही सावलीत यायला लागते. उलट दिशेने गेलात तर चढताना पाठीवर ऊन आणि उतरताना तोंडावर ऊन. ऑक्टोबरचं ऊन वैशाखापेक्षा कमी असतं हा समज पहिल्या तासातच जातो. तीन, डांबरी रस्ता. घाटघर ते नाणेघाट साधारण चार किलोमीटरचा रस्ता सकाळच्या गारव्यात पाऊण-एक तासात संपतो. तोच दुपारी, उतरून थकलेल्या गुडघ्यांनी चालायचा म्हणजे शिक्षा. गाडी नाणेघाटात लावून फेरी सुरू करणारे नेमकं हेच ओढवून घेतात.

किती वाजता निघायचं?

ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि सव्वासहाला सूर्य मावळतो. नोव्हेंबरात संध्याकाळ आणखी लवकर. हिशेब असा:

साडेसहाला घाटघर सोडा. साडेसातला नाणेघाट, तिथे पाऊण तास. सव्वानऊ-साडेनऊला वानरलिंगीचा पायथा. साडेदहा-अकराला कल्याण दरवाजा. माथ्यावर दोन तास, त्यात जेवण. एकच्या सुमारास उतरायला सुरुवात, अडीच-तीनला गाव.

हा सहा-आठ जणांच्या गटाचा हिशेब आहे. मोठ्या गटाचा वेळ चालण्यात जात नाही, कातळटप्प्याशी रांगेत जातो. माणशी तीन मिनिटं धरली तरी पंचवीस जणांना सव्वा तास. त्यात शनिवार-रविवारी दुसरा गट पुढे असला तर तोही सव्वा तास. म्हणून सुट्टीच्या दिवशी एकतर सर्वांत आधी पोचा, नाहीतर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. अकरा वाजेपर्यंत टप्प्याच्या पायथ्याशीही पोचला नसाल तर गड सोडून द्या आणि आल्या वाटेने रस्त्यावर या.

नाणेघाटात पाऊण तास कशासाठी? तिथे तर एक गुहाच आहे.

त्या गुहेच्या भिंतींसाठी. कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे येणारा माल या घाटाने चढायचा आणि घाट सातवाहनांच्या ताब्यात होता. गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला तो मानतात. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, घोडे, हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले, याची यादीच आहे ती. देणगीचे आकडे आले म्हणून भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनाच्या नमुन्यांत हा लेख मोजतात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्यासह राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आता पावलांचे अवशेष आणि डोक्यावरच्या नावांच्या खुणा उरल्यात.

अक्षरं समोरून पाहिली तर दिसत नाहीत. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका, खोदकामात सावल्या पडतात आणि ओळी उठून येतात. हात लावू नका, पाणी मारून अक्षर उठवायचा प्रयत्न तर मुळीच नको. गुहेच्या वर, माथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात.

घाटाच्या नळीत पुढे खाली उतरू नका. ती वाट वैशाखऱ्याकडे, कोकणात जाते; जितकं उतराल तितकं परत चढायचं आहे.

नाणेघाटातून वानरलिंगीची वाट कशी सापडते? आम्ही मागच्या वेळी झाडीत फिरत राहिलो.

इथेच सर्वाधिक गट चुकतात, आणि चूक बहुतेक एकच असते: सुळका समोर दिसतो म्हणून सरळ त्याच्या रोखाने चालायला लागणं. मध्ये झाडी आणि घळी आहेत, आणि दहा मिनिटांत सुळका दिसेनासा होतो.

नाणेघाटाच्या माथ्यावर पूर्वेकडे तोंड केलं की जीवधनची भिंत उजव्या हाताला येते. ती तशीच उजवीकडे ठेवत मागे चालू लागा. दोन ओढे ओलांडावे लागतात. दुसऱ्या ओढ्याच्या उजव्या अंगाने वर जाणारी मळलेली वाट धरा. ती रानातून चढत कड्याच्या पायाशी आणते. कडा आला की उजवीकडे वळा; आता कडा डाव्या हाताला. तसंच दहा मिनिटं गेलं की वानरलिंगीचा पायथा. तिथून डावीकडे चढ सुरू होतो आणि थोड्याच वेळात कातळात कोरलेल्या पायऱ्या लागतात.

पावसाळ्यानंतर लगेच गवत कमरेइतकं असतं आणि ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या दिसतात. फरक ओळखायची खूण: ढोरवाट उताराला आडवी, पाणी किंवा चारा गाठायला जाते आणि वाटेत फाटत राहते. माणसांची वाट चढत राहते. वीस मिनिटं चालून चढ लागला नसेल तर दुसऱ्या ओढ्याशी परत या, तिथून पुन्हा सुरू करा. नकाशा मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवा, कड्याखाली रेंज येते-जाते. खात्री नसेल तर घाटघरमधला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे हा खर्च नव्हे, दीड तासाची बचत आहे.

कल्याण दरवाज्याखालचा कातळटप्पा खरंच किती अवघड आहे?

पायऱ्या आधी ठीक आहेत, मग उंच होत जातात, काही तुटलेल्या. दरवाज्याच्या अलीकडे साधारण पंधरा-वीस फुटांचा असा भाग येतो की तिथे हात वापरल्याशिवाय जाता येत नाही. पाय ठेवायला खोबण्या आहेत, पकडी आहेत, कातळ मजबूत आहे. जमिनीवर असता तर शाळकरी पोरांनी खेळत चढला असता. अडचण उंचीची. मागे मोकळी घळ दिसते आणि माणूस कातळाला छाती चिकटवून थिजतो. छाती चिकटवली की पायांवरचं वजन कमी होतं, पाय सटकतात, आणि भीती आणखी वाढते. शरीर कातळापासून हातभर लांब, वजन पायांवर, एका वेळी दोन हात-दोन पाय यांतला एकच अवयव हलवायचा. गुडघा टेकवायचा नाही. गुडघ्याला पकड नसते आणि टेकवलेला गुडघा उचलून पाय ठेवणं कठीण.

सकाळी हा भाग सावलीत असतो हे उन्हासाठी चांगलं, पण दवाने ओला असतो हे वाईट. पहिल्याने खोबण्या फडक्याने पुसत जावं. बुटाला ओढ्याचा चिखल लागला असेल तर चढण्याआधी तळ दगडावर घासून साफ करा. या टप्प्यावर पाय घसरतो तो बऱ्याचदा बुटाला चिकटून आलेल्या मातीमुळे.

पाठीवरची पिशवी जड असेल तर ती मागे खेचते. मधल्या खोबणीशी एक जण उभा करून पिशव्या हातोहात वर द्या.

दोर न्यावा लागतो का? कोणता?

न्या. कातळावर चढायची सवय असलेल्या दोघांना तो लागणार नाही, पण तुमच्या गटात तसे सगळे नसतात. दहा-अकरा मिलीमीटर जाडीचा, गिर्यारोहणाचा वीस मीटर दोर पुरतो. सोबत दोन-तीन स्लिंग (पट्ट्यांचे फास), दोन कुलूपवाले कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आणि घाबरणाऱ्यांसाठी एक हार्नेस (कमर-मांड्यांना बांधायचा पट्टा). नायलॉनची पिवळी दोरी, कपड्यांची दोरी, गाडी ओढायचा पट्टा यांतलं काही चालत नाही: ओल्या हाताला सटकतात आणि धारेवर चिरतात.

आणि महत्त्वाचं म्हणजे, वर आधीपासून बांधलेला दोर लटकताना दिसला तर त्यावर भार टाकू नका. कधी बांधला, कशाला बांधला, किती पावसाळे खाल्ले, काही कळत नाही. नायलॉन उन्हाने कमकुवत होतं, तरी दिसायला धडधाकट राहू शकतं. लोखंडी गज किंवा कठडा दिसला तरी आधी हलवून पाहा, मगच धरा. दोर लावायचं माहीत असलेलं गटात कुणीच नसेल तर जाणत्या गिर्यारोहण संस्थेबरोबर जा. कातळाखाली उभं राहून मोबाईलवर गाठी शिकायची ही जागा नव्हे.

मुलांना, आईवडिलांना नेता येईल का?

बारा-तेराच्या पुढचं, डोंगराची सवय असलेलं मूल सुरक्षा-दोरावर व्यवस्थित चढतं. मुलांपेक्षा खालून सूचना देणारे वडील जास्त गोंधळ घालतात. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उतार लक्षात घ्यावा, चढ नव्हे. उंचीची भीती असेल तर गड टाळा. अशा मंडळींना घाटघर–नाणेघाट आणि तिथून वानरलिंगीच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत, एवढी अर्धी फेरी सुंदर आहे. कड्याखालचं रान, सुळक्याची जवळून भेट, सगळं त्यात मिळतं.

वानरलिंगी चढता येते का?

प्रस्तरारोहणाची पूर्ण साधनं, प्रशिक्षण आणि अनुभवी संघ असेल तर. साडेतीनशे फुटांच्या आसपासचा हा सरळसोट सुळका आहे, वांदरलिंगी आणि खडा पारशी ही त्याचीच नावं. फेरीला आलेल्यांनी तो खालून पाहावा. वर आरोहण चालू असेल तर थेट पायथ्याशी उभं राहू नका, बारीक दगड पडतात.

गडावर काय पाहायचं?

कल्याण दरवाजा स्वतःच. कातळात असा दडवलाय की पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. खालून येणारा शत्रू पायऱ्यांवर एकेकट्याने, दमलेला, आणि वरच्यांच्या दगडांच्या टप्प्यात. चढून आलेल्याला ही योजना समजावून सांगावी लागत नाही.

वर धान्यकोठी. दारावर गजलक्ष्मीचं शिल्प, आत एकातून एक दालनं आणि मिट्ट काळोख. बॅटरी हवीच. १८१८ च्या इंग्रज-मराठा युद्धात साठ्याला आग लागली आणि तिची राख अजून आत आहे, असं सांगतात. पायाखाली काळपट भुसभुशीत थर लागतो तो तोच. राख उकरून नेऊ नका, गेली दोनशे वर्षं ती जिथे आहे तिथे बरी आहे. वटवाघळं असतात, आवाज कमी.

दक्षिणेकडे जीवाईदेवीच्या देवळाचे अवशेष आणि पाण्याची टाकी. आणि टोकावरून वानरलिंगी, आता खालून नव्हे तर समोरासमोर. तिच्यामागे कोकण एकदम खाली पडलेलं. हवा स्वच्छ असेल तर हरिश्चंद्रगड, चावंड, गोरखगड-मच्छिंद्रगडाची जोडी ओळखता येते. टोकाशी गवत कड्याच्या काठावरून बाहेर झुकलेलं असतं, खाली जमीन आहे असं भासतं. काठापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवा, आणि फोटोसाठी मागे सरकायचं असेल तर आधी वळून पाहा.

निजामशाहीचा शेवटचा वारस, लहानगा मुर्तजा, याच गडावर कैदेत होता आणि शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसवलं, अशी हकीकत सांगितली जाते.

पाणी किती न्यावं?

माणशी तीन लिटर, आणि ते गावातच भरून. टाक्यांचं पाणी पिण्यासाठी धरू नका. ओढे ऑक्टोबरात वाहतात, पण वर गुरं चरतात. तोंड-हात धुवायला ठीक. नुसतं पाणी पीत राहिलं तर दुपारी मांड्यांत गोळे येतात, घामाबरोबर मीठ गेलेलं असतं. लिंबू-मीठ-साखरेची एक बाटली वेगळी ठेवा, किंवा साधं जलसंजीवनीचं पाकीट. कातळटप्प्यावर गोळा आला तर काय होतं, हे सांगायला नको.

जुन्नर दरवाज्याची वाट सोपी आहे म्हणतात. मग लोक तिथेच का पडतात?

सोपी आहे म्हणूनच. जेवण झालेलं, गड 'झालेला', मोबाईल हातात. या बाजूला पूर्वी एकसंध पायऱ्या होत्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून त्या फोडल्या. दरवाज्याखाली तुटक्या पायऱ्यांचा, खोबण्यांतून उतरायचा एक तुकडा आहे. तिथे कातळाकडे तोंड करून, शिडी उतरतो तसं उतरा. कातळाला पाठ लावून, बसत-घसरत उतरायची सवय पुष्कळांना असते. त्यात पुढचा पाय दिसतो खरा, पण पिशवी मागे अडकते आणि माणूस पुढे फेकला जातो.

खाली उतरंडीवर घसारा. टाच आधी, पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. वाळलेल्या गवताची मुठी धरून तोल सावरू नका, मुळांसकट हातात येतात. दोघांत अंतर ठेवा आणि दगड सुटला तर 'दगड!' अशी आरोळी ठोका, खालच्याने वर पाहायचं नाही.

बूट कोणते?

तळाला खोल खाचा असलेले, घोटा धरणारे, आणि आधी चार वेळा घालून चाललेले. नवे बूट इथे उद्घाटनाला आणू नका. आणखी एक: वर्षभर कपाटात पडलेल्या जुन्या बुटांचा तळ दमट हवेने सुटतो, वरून पत्ता लागत नाही. आदल्या दिवशी तळ हाताने ओढून पाहा. तरी पिशवीत तीन-चार मीटर सुतळी किंवा कापडी चिकटपट्टी असू द्या, सुटलेला तळ बांधून गावापर्यंत येता येतं. नोव्हेंबरात पायाला गुळगुळीत कापडाची लांब पँट. लोकरीसारख्या मोज्यांत कुसळं शिरली की दोन धुण्यांत निघत नाहीत.

मधमाश्यांचं काय? आग्या मोहोळाच्या बातम्या वाचतो.

बातम्या खऱ्या असतात. पावसाळा सरला, फुलोरा आला की उंच कड्यांच्या पुढे आलेल्या छपराखाली आग्या माश्यांची पोळी लटकू लागतात. चढण्याआधी कड्याकडे नजर टाका. काळपट, अर्धचंद्राकृती, हलल्यासारखा दिसणारा पट्टा म्हणजे पोळं. खाली आरडाओरडा, शेकोटी, धूर, सिगारेट, फटाके, ड्रोन काहीही नको. उग्र अत्तर आणि सुगंधी तेल त्या दिवशी घरीच ठेवा.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका. डोकं-चेहरा कापडाने झाका आणि आल्या वाटेने झाडीत शिरा. टप्प्याच्या मध्यावर असाल तर पळायचं नाही, पडण्याचा धोका डंखांपेक्षा मोठा. चेहरा झाकून एकेक पकड घेत जवळच्या सपाट जागी पोचा. काटा नखाने खरवडून लगेच काढा. अनेक डंख झाले असतील किंवा श्वास लागत असेल, ओठ सुजत असतील तर फेरी तिथेच संपली, दवाखाना. अ‍ॅलर्जी असणाऱ्याने हे गटाला आधी सांगितलेलं असावं आणि औषध त्याच्या स्वतःच्या खिशात असावं.

साप, बिबट्या?

फुरसं आणि घोणस, दोन्ही गवतात आणि दगडांखाली असतात. हात टेकवण्याआधी खोबणीत नजर, गवतात काठी आपटत चालणं, एवढ्यावर भागतं. दंश झाला तर आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, चोखणं काही नको. अवयव स्थिर ठेवून जुन्नरच्या रुग्णालयाकडे. जुन्नर तालुका बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे खरा, पण त्यांचा वावर प्रामुख्याने पूर्वेच्या उसाच्या पट्ट्यात. पहाटे अंधारात एकटं चालू नका, बाकी चिंता नको.

दुपारी ढग आले तर?

परतीचा पाऊस दुपारनंतर, विजांसकट येतो. माथा उघडा आहे. गडगडाट ऐकू आला की टोकावरून आणि एकट्या झाडाखालून हटा आणि जुन्नर दरवाज्याखालचा तुटक्या पायऱ्यांचा टप्पा ओला होण्याआधी त्या वाटेने उतरा. टप्प्यापाशी पोचण्याआधीच सरी सुरू झाल्या तर उतरण्याची घाई नको: सखल जागी अंतर ठेवून बसा, पाऊस थांबू द्या, अर्धा तास कातळ निथळू द्या. धातूचा कठडा विजेच्या वेळी धरू नका. म्हणूनच तर एकच्या सुमारास माथा सोडायचा आग्रह.

कोणती फुलं दिसतील?

पठारावर सोनकी सर्वांत जास्त, सगळी उतरंड पिवळी करणारी. ओलसर जागी तेरडा, गवतात कवला. कारवी दरवर्षी फुलत नाही, सात-आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. त्यामुळे 'यंदा आहे का' हे गावातच विचारा. या भागातल्या रानांत हिरडा भरपूर आणि तो गोळा करून विकणं हे इथल्या महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचं साधन. झाडाखाली पडलेली फळं 'जंगलातली' म्हणून खिशात भरू नका, ती कुणाची तरी मजुरी आहे.

गावात जेवण, गाडी लावायची सोय?

आदल्या दिवशी सांगितलं तर घरगुती पिठलं-भाकरी, भात, ठेचा मिळतो. अचानक पंधरा जण दारात उभे राहिले तर नाही, आणि त्याबद्दल नाराज व्हायचं कारण नाही. या दिवसांत भात कापणीला आलेला असतो, घरातली सगळी माणसं खाचरात. गाडी खळ्यावर किंवा बैलगाडीच्या वाटेवर लावू नका. खाचरांच्या बांधावरून चालताना ओंब्या तुडवल्या जातात. दोन मिनिटं वाचवायला आडवं घुसू नका, वळसा घाला.

कोजागिरीला रात्री फेरी करता येईल का? वर मुक्काम?

चांदण्यात नाणेघाटाचं पठार जरूर अनुभवा, कड्याच्या काठापासून लांब राहून. कातळटप्पा रात्री नाही. चांदण्यात खोबणी आणि तिची सावली सारखीच दिसते. गडावर राहण्यासारखी जागा नाही. कोठी दमट, पिण्याचं पाणी नाही.

यायचं कसं?

पुण्याहून नारायणगाव–जुन्नर, सुमारे ९५ किलोमीटर. पुढे चावंडवरून घाटघर तीसेक किलोमीटर. जुन्नरहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीची वेळ जुन्नर स्थानकात विचारून, वहीत लिहूनच पुढे जा. कल्याण-मुंबईकडून माळशेज घाट चढून गणेश खिंडीमार्गे जुन्नर. कोकणातून वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून यायचं असेल तर फेरीला दोन दिवस धरा. चढूनच दोन-तीन तास जातात आणि मग कातळटप्प्याला दुपार गाठते.

अपघात झाला तर?

११२ किंवा १०८. रेंज नसेल तर दोघांना मिळून गावात पाठवा, एकट्याला नाही, आणि त्यांच्याकडे कागदावर लिहून द्या: किती जण, काय झालं, कुठे (कल्याण दरवाज्याची बाजू की जुन्नर दरवाज्याची), किती वाजता. बाजू लिहायची राहिली तर मदत गडाच्या चुकीच्या अंगाला पोचते आणि तिथून वळसा घालायला तास-दीड तास जातो. जखमीला उचलून टप्पा उतरवायचा प्रयत्न करू नका, ऊब द्या आणि थांबा. फेरीला निघण्याआधी घाटघरमध्ये एका घरी सांगून ठेवा: इतके जण, ह्या बाजूने चढणार, तीनपर्यंत परत.

दुसरा दिवस हाताशी असेल तर?

परतीच्या रस्त्यावरचा चावंड, म्हणजे शिवकाळातला प्रसन्नगड, सकाळी दोन-तीन तासांत होतो. त्याच्या आधी पूर गावचं कुकडेश्वराचं जुनं देऊळ, कुकडी नदीच्या उगमापाशी. शिल्पं बाहेरच्या भिंतीवर आहेत, सकाळचं तिरपं ऊन असताना जा. पाय दुखत असले तर चावंड सोडा, देऊळ सोडू नका.